महागू फिटरचा जोड

बालाघाटात नळाचं काही काम निघालं की लोक एकच नाव घेत, महागू फिटरचं. पुढे त्याच लोकांनी ते नाव टाकून दिलं. दोन्ही वेळा मी इथेच होते, म्हणून सांगते आहे. सांगताना आवाज चढला तर चढू दे. या गावावरचा माझा राग अजून उतरलेला नाही, आणि तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

मी लग्न होऊन इथे आले तेव्हा राजधानी नुकतीच नागपूरहून भोपाळला गेली होती. आमचे हे, शरदचंद्र, कलेक्टर कचेरीत कारकून. रोज संध्याकाळी चहाबरोबर यांचा एकच विषय असे, की आता मराठी माणसाचं इथे कोण ऐकणार. मला त्याचं काही वाटत नव्हतं. मला घरात नळ हवा होता. परसातल्या विहिरीचं पाणी ओढून माझे खांदे भरून येत, आणि राजधानी कुठेही गेली तरी बादली मलाच ओढावी लागणार होती.

काही वर्षांनी आमच्या गल्लीत नगरपालिकेची लाइन आली आणि घरोघर नळवाल्यांची शोधाशोध सुरू झाली. पाइप जोडून देणारे पुष्कळ होते. महिनाभरात जोडातून थेंब पडायला लागला की तेच लोक ओळख दाखवेनासे होत. शेजारणीने मला बजावलं, थांब, पण महागूकडूनच करून घे. म्हणून आम्ही थांबलो. सगळं गावच त्याच्यासाठी थांबत असे.

महागू रामपायलीकडच्या शेतकरी घरातला. घरात भाऊ फार आणि धानाची जमीन थोडी, म्हणून पोरवयातच उकव्याच्या बाजूला मँगनीजच्या खाणीवर गेला. तिथे पंपाच्या लाइनीवर एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली काम शिकला. गावात नळ आले तसा बायकोला, शेवंताबाईला, घेऊन बालाघाटला आला आणि स्टेशनापलीकडे एक खोली घेऊन राहिला. मूलबाळ नव्हतं. अंगाने काटक, बोलणं कमी, आणि पिशवी इतकी नीट लावलेली की आत न बघता पाना काढायचा.

त्याचं काम मी ओट्यावर बसून पाहिलं, कारण माझ्या घरात येणारं पाणी कसं येतं हे मला बघायचं होतं. पाइपाच्या टोकाला चुडी, म्हणजे आटे, पाडलेली असते. त्या चुडीवर तागाचा धागा गुंडाळायचा, वरून सफेदा, तो डब्यातला पांढरा लेप, फासायचा आणि मग पान्याने आवळायचं. हे सगळेच करतात. महागूची तऱ्हा अशी, की तागाचा धागा तो आधी तोंडात धरायचा. चघळून चघळून पार मऊ करायचा आणि तोंडातूनच ओढत चुडीवर घ्यायचा. सफेद्याने भरलेला अंगठा मधूनमधून धाग्यावर फिरे, आणि धागा पुन्हा तोंडात जाई.

"पाण्यात भिजवून घ्या की," मी म्हटलं.

"नाई बाई," तो म्हणाला. "पान्यानं ताग फुगते अन् मंग सुकते. थुकीचा ताग चुडीत बसला का बसला. उस्तादानं मले असंच शिकवलं."

काम संपलं की तो पाणी सोडायचा, स्वस्थ बसून राहायचा आणि मग हाताची पाठ जोडावर टेकवायचा. तळवा नाही, हाताची पाठ. तळव्याला घाम असतो, तो खोटं सांगतो असं त्याचं म्हणणं. पाठ कोरडी निघाली की तो एकच शब्द बोले, "कोरडा." त्यानंतरच पिशवी उचलायचा. तो शब्द ऐकल्याशिवाय घरमालकालाही चैन पडत नसे.

मग परसात उकिडवा बसून तंबाखू. डब्बीतला चुना अंगठ्याने घ्यायचा आणि त्याच तळव्यावर तंबाखू मळायची. चुना पांढरा, सफेदाही पांढरा. हात धुवायला मी तांब्या पुढे केला तर हसला.

"सफेदा काय अन् चुना काय, सारं पांढरंच न बाई. धुतलं का तंबाखूची चव जाते."

मीही हसले. आमच्याकडे बाया, बाप्ये, म्हातारेकोतारे सगळे चुना खातात. पांढऱ्या अंगठ्याकडे बघून इथे कोणाच्या मनात काही येणं शक्यच नव्हतं.

अशी कितीतरी वर्षं गेली. गावातली घरं, भाताची गिरणी, शाळेचं बोर्डिंग, सगळीकडे महागूचे जोड. बसस्टँडजवळच्या भैयालालच्या हॉटेलातली सगळी लाइन त्यानेच टाकलेली. भैयालाल गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांना तोटी उघडून दाखवायचा आणि म्हणायचा, "महागू का जोड़ है, टपकेगा नहीं." जणू काही जोड त्यानेच केला होता.

मग महागूच्या पोटात कळा यायला लागल्या. काम करता करता तो गुडघे पोटाशी घेऊन भिंतीला टेकायचा, ओठ घट्ट मिटून. कळ गेली की पुन्हा पाना हातात. शेवंताबाई त्याला गावी घेऊन गेली. तिथे कोणी म्हणालं बोंबी, म्हणजे बेंबी, सरकली, म्हणून पोट चोळून घेतलं. त्याने उतार पडेना, तेव्हा तापल्या लोखंडाने पोटावर डाग दिले. परत आला तेव्हा सदऱ्याच्या फटीतून मला ते डाग दिसले. माझ्या अंगावर काटा आला. तो मात्र म्हणाला, आता बरं वाटते.

बरं कसलं वाटतंय! चेहऱ्याचा रंग राखेसारखा झाला होता. आणि मग हात गेला.

ते भैयालालच्या हॉटेलातच झालं. भर सकाळी, बसची माणसं चहा पीत असताना, महागूच्या हातातून पाना सुटला तो थेट गल्ल्यावरच्या बिस्किटांच्या बरणीवर. बरणी फुटली, काच चहाच्या कपांत गेली. महागू खाली वाकून काचा वेचायला लागला तर त्याला त्या उचलता येईनात. बोटं मिटत होती, पण मनगट वर होत नव्हतं. लोक बघत होते. भैयालाल गरजला, "सुबह-सुबह चढ़ाके आया है!"

झालं. या जिल्ह्यात मोहाची दारू कुठे नाही? त्यामुळे माणूस दारू पितो हे सांगायला इथे पुरावा लागत नाही. महागू पिऊ लागला, हात लटपटतात, पाना धरवत नाही, हे संध्याकाळपर्यंत आमच्या ओसरीवर येऊन पोचलं. ज्यांच्या घरी त्याला वर्षानुवर्षं कोणी झिंगलेला पाहिला नव्हता तेसुद्धा म्हणू लागले, हो, डोळे जरा लाल वाटायचे खरे. गोंदियाकडून आलेला तेजराम नावाचा एक नळवाला होता, त्याला बोलावणी जायला लागली.

त्याच सुमारास आमच्याकडे न्हाणीत नवी तोटी काढायची होती. हे म्हणाले, "तेजरामला निरोप देतो." मी म्हटलं, महागू येईल, नाहीतर न्हाणी तशीच राहील. हे गप्प बसले. वाद घालण्यापेक्षा गप्प बसून मनासारखं करून घ्यायची यांची सवय जुनी होती, ती पुढे कळेलच.

महागू आला, पण पिशवी शेवंताबाईच्या खांद्यावर होती. ही ठेंगणी, बळकट बाई मी प्रथमच जवळून पाहिली. महागू दारातच उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात पुढे केले. मनगटापासून पंजे खाली लोंबत होते, धुतलेली फडकी दोरीवर लोंबावीत तसे. तो वर करायचा प्रयत्न करत होता, कपाळावर घाम आला, पंजे हलले नाहीत.

"बाई, म्या दारू पेत नाई," तो म्हणाला. "कधी पेलो नाई. तुमी माहं तोंड हुंगून पाहा."

आणि खरोखर त्याने तोंड उघडून मान पुढे केली. परक्या बाईपुढे, तिच्याच घरच्या दारात, बायकोच्या देखत. कामावर नजर ठेवून खालमानेने वागणारा हा माणूस. मला इतकं कानकोंडं झालं की मी मागे सरले. शेवंताबाईच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण ती त्याला अडवत नव्हती. एवढ्या जवळून मला त्याच्या हिरड्या दिसल्या. दातांच्या मुळाशी काळीनिळी रेघ होती. तंबाखू असेल, असं मी मनाशी म्हटलं.

"मला काही हुंगायचं नाही महागूभाऊ," मी म्हटलं. "मला ठाऊक आहे. या, आत या."

त्या दिवशी न्हाणीचा जोड दोघांनी मिळून केला. ताग त्याच्या तोंडात, पाना तिच्या हातात. तिने मधेच म्हटलं, "द्या, म्या धरतो तोंडात," तर त्याने मान हलवली. ते काम तो कोणाला देणार नव्हता. तो सांगे, ती आवळी. शेवटी त्याने हात जोडापाशी नेला. पंजा लोंबत असल्यामुळे हाताची पाठ आपोआपच जोडाला टेकली. तो थांबला, आणि म्हणाला, "कोरडा." त्याच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी जरा रक्त आलेलं मी पाहिलं.

दिवाळीत भाऊबीजेला माझा धाकटा भाऊ गुणाकर आला. नागपूरला डॉक्टर होऊन नुकताच इस्पितळात लागला होता. मी त्याला ओवाळायच्या आधी महागूला बोलावून घेतलं. गुणाकरने लोंबणारे पंजे पाहिले, खालचा ओठ ओढून हिरड्या पाहिल्या, आणि पोटावरचे डाग पाहून त्याने मान फिरवली. मग धंदा विचारला. महागूने तागाची तऱ्हा सांगितली, तंबाखूची सांगितली. गुणाकर माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "ताई, हा माणूस वर्षानुवर्षं शिसं खातो आहे. सफेद्यात तेच असतं."

महागूला त्याने नीट बसवून समजावलं, की सफेदा आता शिवायचासुद्धा नाही, नाहीतर जीव जाईल. औषध लिहून देतो, नागपूरला येऊन राहा. महागू ऐकत होता. सगळं ऐकून झाल्यावर त्याने एकच विचारलं.

"म्हंजे दारूनं नाई न झालं?"

"नाही. दारूचा काही संबंध नाही."

"मंग डॉक्टरसाहेब, हे भैयालालच्या हॉटेलात येऊन सांगा न."

गुणाकर माझ्याकडे बघायला लागला. जिवाचं सांगितलेलं या माणसाच्या कानावरून गेलं होतं. त्याला नाव परत हवं होतं. मी म्हटलं, जा, सांगून ये, एवढं कर त्याच्यासाठी. दोघे गेले. महागू पुढे, नवा धुतलेला सदरा घालून.

गुणाकरने तिथे गल्ल्यापाशी उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, आणि सर्वांना कळावं म्हणून हिंदीत सांगितलं. हा माणूस दारू पीत नाही. नळाच्या जोडाला जो सफेदा लावतात तो याच्या पोटात गेला आहे. सफेदा ज़हर है. कोणीतरी विचारलंही, की मग पाण्याचं काय? तो म्हणाला, पाण्याचं तितकं भय नाही, याने ते तोंडाने खाल्लं आहे. पण तोपर्यंत लोकांनी जो शब्द उचलायचा तो उचलला होता.

महागू घरी परतताना आमच्या दारावरून गेला. मला म्हणाला, "सांगतलं बाई साहेबानं, सर्व्यांईच्या समोर. भैयालाल खाली मान घालून बसला होता." असा हसरा मी त्याला कधी पाहिला नव्हता. मलाही फार आनंद झाला, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवसापासून गावात जे सुरू झालं त्याला मी मूर्खपणा म्हणत नाही, कारण मूर्खाची कीव तरी येते. महागूच्या जोडात जहर आहे, अशी बोंब झाली. ज्याने जोड केला त्याचे हात झडले, मग ते पाणी पिणाऱ्याचं काय होईल! कोणाच्या मुलाचं पोट दुखलं, कोणाच्या सासूला गरगरलं, सगळं महागूच्या नळांवर गेलं. पहिल्यांदा भैयालालनेच आपली लाइन उखडली. तेजरामला बोलावून नवे जोड घातले. आणि तेजराम काय लावत होता? त्याच दुकानातला तोच सफेदा, त्याच डब्यातला. मी हे चार बायकांत ओरडून सांगितलं. त्या म्हणाल्या, हो, पण तेजरामचे हात तर चांगले आहेत.

गल्लीगल्लीतून पान्यांचे आवाज यायला लागले. इतकी वर्षं न गळलेले जोड लोकांनी पैसे देऊन तोडून घेतले आणि त्यांच्या जागी गळणारे घालून घेतले. गिरणीतले गेले, बोर्डिंगातले गेले. महागू औषधाला नागपूरला गेलाच नाही. तो घराघरांवरून हिंडायचा. आत जायचा नाही, दाराबाहेर उभा राहून कान द्यायचा. आतून थेंबाचा आवाज आला की पुढच्या दारी जायचा. लोक मुलांना घरात ओढून घेत, त्याचं वारंही नको म्हणून. दारुड्याशी लोक निदान थट्टेने तरी बोलायचे, याच्याशी कोणी बोलेना.

एकदा तो माझ्या परसात येऊन बसला. आता चालतानाही भिंत धरावी लागत होती. न्हाणीच्या तोटीकडे बघत म्हणाला, "बाई, तुमच्याच घरी राह्यला आता. बाकी सारे गेले."

"माझ्या घरचा जोड कोणी काढणार नाही महागूभाऊ," मी म्हटलं. "मी जिवंत असेपर्यंत नाही."

त्याने उठून हाताची पाठ जोडाला लावली. कोरडा, असं म्हणाला नाही. नुसती मान हलवली आणि हात तसाच बराच वेळ टेकवून उभा राहिला.

उन्हाळ्यात मी आईच्या आजारपणासाठी माहेरी गेले. परत आले आणि प्रवासाचा घाम धुवायला न्हाणीत शिरले, तर तोटी नवी. जोड नवा. घरातला महागूचा पहिला नळही बदललेला. खाली बादली ठेवलेली, आणि तिच्यात थेंब पडत होता. मी तशीच बाहेर आले. हे वर्तमानपत्र वाचत होते.

"अगं, घरात लहान मुलं येतात जातात," हे म्हणाले. "लोक बोलत होते. तेजराम तसाही गल्लीत आलाच होता."

मी काय काय बोलले ते सांगत नाही. यांनी ते मरेपर्यंत लक्षात ठेवलं, आणि ठेवायलाच हवं होतं.

महागूला तोंड कसं दाखवू या विचारातच होते, तोच शेवंताबाई आली. हातात पितळेचा लोटा. तिचा चेहरा बघून मला काय ते कळलं. महागूला झटके येत होते, अन्न सुटलं होतं, आता शेवटचंच होतं. घरात देवापाशी गंगाजळाची शिशी होती. तिने ती उघडून त्याच्या तोंडाशी नेली, तर त्याने ओठ मिटून घेतले.

"म्हनते, बाईच्या घरचं पानी आन," ती म्हणाली. "माह्या जोडाचं पानी दे म्हनते. लोटाभर द्या बाई."

मी दारातून बाजूला झाले. ती वाट ओळखीची असल्यासारखी सरळ न्हाणीत गेली. मी मागोमाग. तिने तोटी पाहिली. इथला आधीचा जोड तिने स्वतःच्या हाताने आवळला होता, तिला नवा ओळखू येणार नाही असं कसं होईल? तिने खालची बादली पाहिली. थेंब पडला, तोही पाहिला.

"शेवंताबाई," मी म्हटलं, "मी इथे नव्हते हो. मी माहेरी होते."

तिने लोटा तोटीखाली धरला, भरून घेतला, पदराने झाकला आणि गेली. मी न्हाणीच्या उंबऱ्यावर बसले आणि रडले.

तिसऱ्या दिवसानंतर ती लोट्यातलं उरलेलं पाणी आमच्या तुळशीला घालायला आली. कपाळ मोकळं होतं. मी विचारलं, प्यायले का?

"हौ," ती म्हणाली. "पेले. मले इचारलं, जोड गळते का म्हून. म्या म्हनलं, नाई जी. कोरडा हाय."

न्हाणीत थेंब पडत होता. आम्ही दोघी तो ऐकत उभ्या होतो.